बाकीचे कुठे आहेत?

विमा विषयातील 'कॉन्ट्रिब्युशन', म्हणजे वाट्याचे तत्त्व, आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एका तासात शिकवून होते. एका व्यापाऱ्याने गोदामाचा विमा 'अ' कंपनीकडे 60,000 रुपयांचा आणि 'ब' कंपनीकडे 40,000 रुपयांचा उतरवला. आग लागली, नुकसान 50,000 चे झाले. 'अ'ने 30,000 द्यायचे, 'ब'ने 20,000. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की विषय मिटला.

हे गणित इतके सरळ सुटते याचे कारण आगीला तारीख असते. कोणत्या दिवशी लागली, त्या दिवशी कोणाची पॉलिसी चालू होती, हे कागदावर दिसते. पण नुकसानाला तारीखच नसेल तर? ॲस्बेस्टॉसमुळे अमेरिकेतील विमा कंपन्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. बॉयलर, जहाजे, भट्ट्या यांच्या आवरणात हा धागेदार खनिज पदार्थ सर्रास वापरला जाई. त्याचे सूक्ष्म तंतू कामगारांच्या श्वासातून फुप्फुसात जात आणि तिथेच राहत. रोग दिसू लागे तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. 1973 साली बोरेल खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने, धोक्याची सूचना न देणारे उत्पादक जबाबदार आहेत, असा निकाल दिला आणि मग दाव्यांचा पूर आला. जॉन्स-मॅनव्हिलसारख्या बलाढ्य कंपनीला 1982 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

उत्पादक आपापल्या विमा कंपन्यांकडे वळले. पण कोणत्या? चाळीस वर्षांत एकाच उत्पादकाने दहा-बारा कंपन्यांच्या पॉलिसी घेतलेल्या असत. खाली मूळ पॉलिसी, तिची रक्कम संपली की वरची, तिच्यावर आणखी एक. कामगाराने तंतू 1955 मध्ये ओढले, रोग उघड झाला 1978 मध्ये. नुकसान झाले कधी? 1955 वाली म्हणते, तेव्हा तो ठणठणीत होता. 1978 वाली म्हणते, बी आधीच पेरले गेले होते.

1980 साली एका अपील कोर्टाने, ज्या वर्षांत तंतू शरीरात गेले त्या वर्षांच्या कंपन्यांनी खर्च वाटून घ्यावा, असे ठरवले. पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने कीन कॉर्पोरेशनच्या खटल्यात निराळी वाट धरली. कीनवर सहा हजारांहून अधिक दावे लागलेले होते. कोर्टाने म्हटले की पहिल्या श्वासापासून रोग उघड होईपर्यंतची प्रत्येक पॉलिसी लागू आहे. कीनने त्यांतली कोणतीही एक निवडावी. त्या कंपनीने आपल्या मर्यादेपर्यंत पूर्ण रक्कम द्यावी आणि मग इतरांकडून वाटा वसूल करावा. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1993 मध्ये जे. एच. फ्रान्स रिफ्रॅक्टरीज या कंपनीच्या खटल्यात साधारण हाच मार्ग पत्करला.

ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला तो इथून सुरू होतो. उत्पादकाने बारांपैकी चारच विमा कंपन्यांवर दावा लावला. ते चौघे कोर्टात उभे राहून म्हणतात, "बाकीचे आठ कुठे आहेत? त्यांच्याशिवाय हा दावा चालवता येणार नाही." या बोलण्यातली गंमत आधी पाहावी. गैरहजर कंपन्यांची काळजी इथे वाहत आहेत त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या. ज्यांची काळजी, त्या स्वतः मात्र गप्प असतात. दार ठोठावून आत येण्याची मुभा त्यांना असतेच. त्या येत नाहीत.

अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत याला एकोणिसावा नियम लागू होतो. गैरहजर पक्षाशिवाय हजर असलेल्यांना पूर्ण न्याय देता येईल का, त्याच्या हिताला बाध येईल का, हजर पक्षावर दुहेरी बोजा पडेल का, हे त्यात पाहायचे. त्याला आणणे जरूर असूनही आणता येत नसेल, तर त्याच्यावाचून पुढे जायचे की दावा काढून टाकायचा, हे कोर्टाने तारतम्याने ठरवायचे. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही 'आवश्यक पक्षकार' आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पण 'आणता येत नसेल' या शब्दांत तिकडे एक खोच आहे. निरनिराळ्या राज्यांतील पक्षांचा वाद म्हणून दावा फेडरल कोर्टात गेला असेल, तर 1806 पासूनच्या नियमानुसार वादींपैकी एकही प्रतिवादींपैकी एकाच्याही राज्याचा असता कामा नये. म्हणजे गैरहजर आठांतली एकच कंपनी जरी उत्पादकाच्या राज्याची निघाली, तरी तिला आत घेताच कोर्टाचा अधिकारच जातो. ती हवी असे म्हणायचे आणि ती येऊ शकत नाही हेही दाखवायचे. दोन्ही सिद्ध झाले की दावा बाहेर. हजर कंपनीला याहून सोयीचे काय असेल?

पेनसिल्व्हेनियाच्या जनरल रिफ्रॅक्टरीज या उत्पादकाच्या बाबतीत असेच घडले. भट्टीला लागणारा उष्णतारोधक माल ही कंपनी करी. तिने 2004 मध्ये आपल्या काही विमा कंपन्यांवर दावा लावला. खालच्या कोर्टाने बाकीच्या कंपन्या आल्या नाहीत म्हणून तो काढून टाकला. 2007 मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. प्रत्येक पॉलिसी हा स्वतंत्र करार आहे. या कंपनीने काय कबूल केले हे ठरवायला दुसरीची हजेरी लागत नाही. इथला निकाल उद्या दुसऱ्या दाव्यात कोणी दाखला म्हणून पुढे करील, एवढ्याने गैरहजर कंपनीचे हित बुडत नाही.

मला हा निकाल पटतो. पण तो सहज पटलेला नाही, आणि त्याचे कारण घरातले आहे.

माझे वडील एका पतसंस्थेच्या कर्जाला जामीन होते. जामीन तिघे. कर्जदाराचे दुकान बुडाले. एक जामीनदार कामासाठी गोव्याला गेलेला, दुसरा फोन उचलत नसे. नोटीस आली ती कन्नडमध्ये, म्हणून ती वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. तीत शब्द होते 'जंटियागि मत्तु प्रत्येकवागि'. मी मराठी करून सांगितले, "सगळे मिळून आणि एकेकटेसुद्धा." बाबा म्हणाले, "दोन्ही एकदम कसं असंल?" वसुलीचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्यालाही विचारले, "सह्या तिघांच्या हाईत, मग मी एकटाच कसा गावलो?" तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही घरात गावला, म्हणूनच तुमच्याकडं आलो."

कायद्याने त्याचे चुकत नव्हते. 1872 च्या करार कायद्याचे 43 वे कलम आम्ही वर्गात घोकले आहे: अनेकांनी मिळून वचन दिले असेल तर कोणाही एकाकडून पूर्ण वचन पुरे करून घेता येते, आणि पुरे करणाऱ्याने इतरांकडून वाटा मागावा. सहजामीनदारांच्या वाट्याचे कलम 146 वे. बाबांनी चौदा महिने हप्ते भरले. गोव्याच्या गृहस्थांनी आपला तिसरा हिस्सा आणून दिला. दुसऱ्याचा अजून यायचा आहे.

म्हणजे अमेरिकेतल्या त्या चार विमा कंपन्या आणि माझे बाबा एकाच बाकावर बसलेले. 'बाकीचे कुठे आहेत?' हा प्रश्न बाबांच्या तोंडून ऐकला तेव्हा तो मला वकिली डाव वाटला नव्हता. मग कंपन्यांच्या तोंडी तो का वाटावा?

पुष्कळ दिवस यावर विचार केल्यावर मला फरक सापडला तो प्रीमियममध्ये. बाबांनी सही केली ती शेजारधर्म म्हणून, एक पैसा न घेता. विमा कंपनीने पैसे घेऊन सही केली. बारा कंपन्या एका रांगेत उभ्या राहणे ही गोष्ट तिला अनपेक्षित नाही; 'दुसरा विमा असल्यास' अशी कलमे तिच्याच पॉलिसीत छापलेली असतात. सहकंपनीला शोधणे, तिच्याकडून वाटा काढणे, हा तिच्या धंद्याचा भाग आहे. तो शोध उत्पादकाच्या गळ्यात बांधला, तर पैशाला उशीर होतो, आणि त्या पैशाची वाट शेवटी पाहत असतो तो धाप लागलेला कामगार. विमा कंपन्यांच्या या भांडणात त्याला बहुधा कोणी हाकही मारत नाही.

तरी एक शंका उरतेच. बारांपैकी दोन कंपन्या दिवाळखोर निघाल्या, तर त्यांचा वाटा कोणावर? सगळे देणाऱ्यावरच. आणि एकाच शब्दाचा अर्थ एका कोर्टाने असा व दुसऱ्याने तसा लावला, तर बिचारी मधली कंपनी दोन्हीकडून मार खाते. आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे, अशा वेळी सगळ्यांना एकदाच बोलावलेले बरे. जिथे बोलावता येते तिथे बोलवावेच. त्यात वाद नाही. पण बोलावता येत नाही म्हणून आलेल्याला मोकळे सोडायचे, हे मला मान्य होत नाही. तसे झाले असते तर पतसंस्थेने बाबांनाही सोडले असते. पण मग त्या संस्थेतल्या लहानसहान ठेवीदारांनी कोणाकडे जायचे? हे मी बाबांनाही सांगून पाहिले. ते काही बोलले नाहीत.

जनरल रिफ्रॅक्टरीजचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दार उघडून आत गेल्यावर ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीशी तिचा झगडा एका वाक्यावर आला. ॲस्बेस्टॉसमधून उद्भवणारे नुकसान आम्ही भरणार नाही, असे पॉलिसीत लिहिले होते. उत्पादकाचे म्हणणे, हे खाणीतल्या कच्च्या ॲस्बेस्टॉसपुरते. आमच्या तयार मालाला लागू नाही. खालच्या कोर्टाने ते मानले. 2017 मध्ये अपील कोर्टाने मानले नाही, आणि कंपनी तो वाद हरली. तेरा वर्षे गेली होती. त्या वाक्याचा अर्थ लावायला बाकीच्या विमा कंपन्यांपैकी कोणाचीही गरज पडली नाही.