फरशीचं मशीन आणि ‘अकुशल’ हा शिक्का

दापोली तालुक्यातलं मुरुड लोकांना दोन कारणांनी माहीत आहे: महर्षी कर्वे यांचं गाव आणि समुद्रकिनारा. किनाऱ्यामुळे रिसॉर्ट आली, रिसॉर्टमुळे हाउसकीपिंगची कामं आली, आणि ही कामं कुणाच्या वाट्याला आली हे आपल्या वस्त्यांत फिरलं की कळतं. झाडूच्या जागी वीजेवर चालणारं मशीन आलं, पण ते धरणारे हात बदलले नाहीत.

गेल्या दिवाळीआधी आमच्या वाडीतल्या एका मुलाला एका रिसॉर्टने हॉलच्या मोझॅक फरशीवरचं जुनं वॅक्स काढायला लावलं. मशीन आडवं पळालं, भिंतीला घासलं. “तुमच्या हाताला मशीन जमायचं नाही,” असं ऐकवून त्याची एका दिवसाची मजुरी कापली. ‘तुमच्या’ या शब्दात काय दडलंय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता मशीनचं बघू. सिंगल डिस्क मशीनचा दांडा किंचित वर उचलला की ते उजवीकडे जातं, खाली दाबला की डावीकडे. कंबरेच्या उंचीवर दांडा धरला की ते जागेवर फिरतं. पॅड मधोमध बसलं नसेल किंवा फरशी सुकून चिकट झाली असेल तर ते हिसडे मारतं. ताकदीचा इथे संबंध नाही.

वॅक्स निघण्याऐवजी पसरतंय? मग पॅड वॅक्सने भरलंय. ते उलटा, नाहीतर धुऊन घ्या. या कामाला काळं पॅड लागतं. लाल आणि पांढरं चकाकीसाठी असतं. स्ट्रिपर टाकून साधारण दहा मिनिटं मुरू द्या, पण सुकू देऊ नका. छोटे भाग करून काम करा. मळी लगेच ओढून काढा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर नवं वॅक्स पांढरं पडतं, सोलून निघतं.

मोटर तापून बंद पडत असेल तर आधी प्लग काढा. लांब, बारीक एक्स्टेंशन वायर किंवा अडकलेलं पॅड हे नेहमीचं कारण. ओल्या फरशीवर अर्थिंग नसलेलं मशीन चालवू नका. आणि “ॲसिड मारा” असा हुकूम आला तर नकार द्या: ॲसिडने हे वॅक्स निघत नाही, उलट मोझॅकमधलं सिमेंट आणि संगमरवराचे खडे खाल्ले जातात, शिवाय तुमची छाती जळते ती वेगळी.

एवढं सगळं ज्याला कळायला हवं, त्या कामाला ‘अकुशल’ कोण म्हणतं? किमान वेतनाच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे स्तर असतात. कौशल्य वापरून घ्यायचं, पण कागदावर लिहायचं नाही, यात मालकाचा सरळ फायदा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये हेच दाखवलं: जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच वरखाली मांडते. यंत्राने ती मांडणी आपोआप मोडत नाही. ती संघटित होऊन मोडावी लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या बैठकीत जयंतीच्या वर्गणीबरोबर हाही विषय घ्या. हातमोजे, रबरी बूट, अर्थिंग, मशीनचं रीतसर प्रशिक्षण, आणि मशीन चालवणाऱ्याला अर्धकुशलाचा दर, या मागण्या लेखी द्या. पोच घ्या. एकट्याने नको, सगळ्यांच्या सह्यांनी द्या.

जय भीम!