रिकामे केंद्र आणि १७१ पायऱ्या

जपानी रेल्वेस्थानकांविषयी लिहिताना साहित्याच्या अभ्यासकाला रोलाँ बार्थ टाळता येत नाही. ‘एम्पायर ऑफ साइन्स’ (१९७०) मध्ये त्याने स्थानकाकडे शहरविभागाचे केंद्र म्हणून पाहिले. मात्र आध्यात्मिक अर्थाने रिते असलेले केंद्र. येणे-जाणे, खरेदी, खाणे हाच त्याचा आशय. एम. ए.च्या वर्गात हे प्रकरण मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. क्योटोचे स्थानक पाहिल्यापासून मात्र ते शिकवताना मी थबकतो.

हिरोशी हारा यांनी रचलेली ही इमारत १९९७ साली खुली झाली. निमित्त, राजधानी म्हणून क्योटोची स्थापना (इ. स. ७९४) होऊन बाराशे वर्षे झाल्याचे. लांबी सुमारे ४७० मीटर, उंची ६० मीटर. मंदिरांच्या ठेंगण्या नगरात ही भिंत कशाला, म्हणून बौद्ध संस्थांसह अनेकांनी विरोध केला. तो निराधार नव्हता. बाहेरून ती खरोखरच भिंत आहे. आत मात्र काच-पोलादाच्या छताखाली एक दरी उघडते आणि तिच्या पश्चिम अंगाने १७१ पायऱ्या वर चढत जातात. माणसे तिथे बसतात, बोलतात, नुसती पाहत राहतात. कुठल्याच गाडीची वाट न पाहता! या बसण्याला बार्थच्या मांडणीत जागा नाही.

गंमत अशी, की शिन्कान्सेनचे फलाट दक्षिणेला, हाचिजोच्या बाजूस आहेत आणि हारांचे दालन उत्तरेला. वेगाने आलेला प्रवासी दक्षिणद्वारातून निघून गेला, तर हा जिना त्याच्या दृष्टीसही पडत नाही. बार्थचे वाचन दक्षिणेपुरते आजही खरे ठरते. १९६४ साली रुळांच्या सोयीसाठी जुन्या शहरकेंद्रापासून दूर उभारलेल्या शिन-ओसाका, शिन-योकोहामा या स्थानकांनाही ते लागू पडावे. ‘शिन’ म्हणजे नवे, इतकीच त्यांची नावातली ओळख.

कानाझावाने दुसरा मार्ग धरला. नो नाट्यातील त्सुझुमी या वाद्याच्या आकाराचे भव्य लाकडी द्वार तिथे २००५ साली स्थानकापुढे उभे राहिले. शिन्कान्सेन आली २०१५ मध्ये. द्वार देखणे आहे, पण त्यातून परंपरा अवतरणचिन्हांत येते. (आपल्याकडील देशीवादाच्या चर्चेतही अशी द्वारे कमी नाहीत.) क्योटोचा जिना परंपरेचे एकही चिन्ह मिरवीत नाही, म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. अर्थात, हे मत आत जाऊन बसलेल्याचे आहे. ज्यांना रोज ती भिंत बाहेरूनच दिसते, त्यांचे वाचन वेगळे असणार, आणि ते खोडून काढण्याजोगे माझ्यापाशी काही नाही.