लिहून देता येत नाही

आम्ही घर बदललं ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका गावातून दुसऱ्या गावात. गाडीने तासाभराचा रस्ता, सांगलीहून कोल्हापूरला जावं तेवढाच. जाण्याआधी शाळा बघितली, भिंतींना ओल आहे का ते बघितलं, कौन्सिल टॅक्स कोणत्या पट्टीत बसतो ते बघितलं. औषधांचा विचार मनात यायचं कारणच नव्हतं. देश एक, सरकारी आरोग्यसेवा एनएचएस एक, राणी जाऊन राजा आला तरी प्रिस्क्रिप्शनचा हिरवा कागद तोच. नव्या दवाखान्यात नाव घालायचं, जुनी फाइल मागोमाग येते, औषधं पुढे चालू. माझी थायरॉक्सिन तशी चालू झालीही. दुसरी गोळी अडली.

तिचं नाव लायोथायरोनिन, बोलण्यात टी-३. थायरॉइड मंदावलेल्या माणसाला साधारणपणे थायरॉक्सिन म्हणजे टी-४ देतात. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहाकडे नुसतं बघत बसायचं, ती ही गोळी; आपल्याकडे घराआड एक तरी बाई ती घेत असेल. शरीर त्या टी-४चं टी-३ करून घेतं आणि पेशींना खरं हवं असतं ते हे टी-३. बहुतेकांचं एवढ्यावर उत्तम चालतं. थोड्यांचं चालत नाही. का चालत नाही, यावर डॉक्टरांचं आपसात एकमत नाही.

मी त्या थोड्यांतली. कौन्सिलच्या पगारखात्यात काम करते. महिनाअखेरीला आकड्यांची ओळ वाचायचे आणि शेवटापर्यंत येईतो सुरुवात निसटलेली असायची. तेल तापत ठेवून मोहरीचा डबा हातात घेऊन उभी आहे आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही, असं स्वयंपाकघरात कितीदा झालं. रक्ततपासणीत थायरॉइडचा आकडा, टीएसएच, नॉर्मल. दर वेळी नॉर्मल. ‘नॉर्मल आहे’ म्हटलं की पुढचं बोलणं खुंटतं, हे आजारी बायकांना सांगायला नको.

जुन्या गावातल्या जीपीने म्हणजे फॅमिली डॉक्टरने शेवटी हॉस्पिटलच्या हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी टी-४ थोडी कमी करून टी-३ जोडली: २० मायक्रोग्रॅमची गोळी, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. ती मुळातच साबुदाण्याहून फार मोठी नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या कटरच्या खाचेत ठेवायची, झाकण दाबायचं, टक् आवाज होतो आणि दोन तुकडे पडतात. सारखे क्वचितच. मध्ये पडलेला भुगा बोटाने टिपून घ्यायचा. दोनेक महिन्यांत मोहरी वेळेवर तेलात पडायला लागली.

इथे एक सांगायला हवं. चाचण्यांमध्ये रुग्णांची सरासरी काढली, तर टी-३ जोडल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. नाइस या संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शनातही ती सरसकट देऊ नये असंच म्हटलंय. जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं विरळ होतात. म्हणूनच ती तज्ज्ञाने सुरू केली, ईसीजी काढला, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासलं आणि सगळं स्थिर झाल्यावर जीपीला पत्र लिहिलं: औषध चालू ठेवावे ही विनंती. जीपी लिहून देत राहिले. पैसे नाहीत, थायरॉइडच्या गोळ्या कायमच्या लागणाऱ्यांना इंग्लंडमध्ये सूट मिळते, पाच वर्षांचं कार्ड येतं आणि मग कोणत्याच प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. माझं कार्ड आजही पाकिटात आहे.

नव्या दवाखान्यात नाव नोंदवल्यावर फोनवरच्या ॲपमध्ये माझ्या औषधांची यादी आली. थायरॉक्सिन होती, ड जीवनसत्त्व होतं. टी-३ नव्हती. विनंती पाठवली. ‘नाकारली’ असा शिक्का आणि खाली एक ओळ: हे औषध हॉस्पिटलकडून घ्यावे.

मग सकाळी आठचे फोन सुरू झाले. ज्यांनी इंग्लंडात जीपीची वेळ मागितली नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. आठला लाइन उघडते, आठ वाजून अर्ध्या मिनिटाने लावला की तुम्ही रांगेत चौदावे, आणि पहिले होईपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. रिसेप्शनवरची बाई सभ्य होती, कधी आवाज चढवला नाही. ‘मी निरोप ठेवते हं.’ निरोप ठेवला जायचा. उत्तर यायचं: हॉस्पिटलला विचारा.

जुन्या हॉस्पिटलला विचारलं. तिथली सेक्रेटरी म्हणाली, तुमचा पत्ता आता आमच्या भागाबाहेर, तुमच्या जीपीने तुम्हाला तिथल्या हॉस्पिटलात पाठवायला हवं. तिथल्या हॉस्पिटलात रांग कित्येक महिन्यांची. आणि तोपर्यंत? तोपर्यंत जीपीने लिहून द्यावं. जीपी म्हणतात हॉस्पिटलने द्यावं. शुद्ध टोलवाटोलवी, पण प्रत्येक टोला इतक्या अदबीने मारलेला की भांडायला तोंड उघडत नाही. नाही असं कुणी म्हणतच नाही!

शेवटी डॉक्टर प्रत्यक्ष भेटल्या. तरुण, शांत, माझी फाइल वाचून आलेल्या. दहा मिनिटांतली चार त्यांनी मला बोलू दिलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

‘तुम्हाला बरं वाटतं यावर माझा विश्वास आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण सही केली की जबाबदारी माझी होते. मला या औषधाचा अनुभव नाही, आणि आपल्या भागाच्या यादीत ते लाल आहे.’

यादी म्हणजे काय ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. इंग्लंडमध्ये एनएचएस एकच असली तरी कोणतं औषध कुणी लिहायचं हे ठरवतात स्थानिक मंडळं. त्यांच्या यादीत औषधांना सिग्नलचे रंग असतात. हिरवं असेल तर जीपीने सुरू करावं. पिवळट नारिंगी असेल तर तज्ज्ञाने सुरू करावं आणि पुढे जीपीने सांभाळावं. लाल असेल तर हॉस्पिटलबाहेर कुणी लिहू नये. जुन्या गावात माझी गोळी नारिंगी होती. तासाभराच्या रस्त्यात कुठेतरी तिचा रंग बदलला होता.

ती लाल का, हे शोधायला मी एक अख्खा शनिवार घालवला आणि औषधशास्त्राऐवजी पोचले पैशांच्या गोष्टीपाशी. टी-३ ही जुनी गोळी, अनेक दशकं वापरात असलेली, एके काळी अगदी स्वस्त. ब्रिटनमध्ये ब्रँडच्या औषधांच्या किमतींवर सरकारचा लगाम असतो. ब्रँडचं नाव काढून तेच औषध मूळ नावाने विकायला लागलं की तेव्हा तो लगाम सुटायचा, कारण बिनब्रँडच्या औषधांत स्पर्धा असणार आणि किंमत आपसूक खाली राहणार असं गृहीत धरलेलं. या गोळीला स्पर्धकच नव्हता. २००७मध्ये ब्रँड काढला गेला. २००९मध्ये एनएचएसला पाकीट साधारण २० पौंडांना पडत होतं, २०१७मध्ये २४८ला. पाकिटात गोळ्या अठ्ठावीस. २००६मध्ये एनएचएसचा या गोळ्यांवरचा वर्षाचा खर्च सुमारे ६ लाख पौंड होता, २०१६पर्यंत तो ३ कोटींच्या वर गेला. बाजारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने २०२१मध्ये या प्रकरणात एकूण १० कोटी पौंडांहून जास्त दंड ठोठावला.

दरम्यान, २०१७च्या नोव्हेंबरात एनएचएस इंग्लंडने ‘जीपींनी सहसा लिहू नयेत’ अशा औषधांची यादी काढली आणि टी-३ त्यात आली. नव्या रुग्णाला जीपीने सुरू करू नये, आधीपासून घेणाऱ्यांना तज्ज्ञाने तपासावं, असं त्यात होतं. मग प्रत्येक भागाने त्याचा आपापला अर्थ लावला. काहींनी नारिंगी ठेवलं, काहींनी दार लावून घेतलं. पुढे दुसऱ्या कंपन्या आल्या, किंमत निम्म्याहून खाली उतरली. यादीतला लाल रंग उतरवायला मात्र कुणाला सवड झाली नसावी. कंपनीला दंड झाला. गोळी कापणारी माणसं तशीच रांगेत.

सांगलीला धाकटी बहीण आहे. तिला हे फोनवर सांगताना माझी फार दमछाक व्हायची.

‘अगं ताई, पण त्यांना पटत नाही का तुला गोळीची गरज आहे ते?’

‘पटतं गं.’

‘मग?’

‘लिहून देता येत नाही म्हणतात.’

‘डॉक्टर आहेत ना त्या?’

तिला कसं समजावणार? आमच्या लहानपणी घराखालीच दवाखाना होता. डॉक्टर नाडी बघायचे, आत कंपाउंडर लाल मिक्स्चर भरायचा आणि बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या पुडीत. डॉक्टर वेगळे आणि औषध वेगळं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या पुडीत काय आहे हेही माहीत नसायचं, आणि विचारायची प्राज्ञा नव्हती. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. बहिणीने मात्र लगेच चौकशी केली. थायरॉक्सिनची बाटली तिला चिठ्ठी न दाखवता कुणीही देत होतं. टी-३ तिने विचारलेल्या एकाही दुकानात नव्हती.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रत्येकाकडे एक तोडगा होता. कुणी तुर्कस्तानच्या सुट्टीत तिथल्या फार्मसीतून आणायला सांगितलं. कुणाच्या नणंदेची मैत्रीण ग्रीसहून आणते. अशा गोळ्यांवर कित्येक बायका वर्षं काढतात, हे मला तिथेच कळलं. आणि त्यांच्या ठोक्यांवर आणि हाडांवर कुणाचीच नजर नसते. काळजीपोटी केलेल्या नियमाने बायकांना सगळ्यात बेकाळजी जागी नेऊन ठेवलं, याचा मला आजही संताप आहे.

तिथेच एक मैत्रीण भेटली. मूळची नागपूरची, इथे वीस वर्षं जीपी. माझी तक्रार ऐकून ती हसली नाही आणि सहानुभूतीही दाखवली नाही. ‘माझ्या टेबलावर रोज हॉस्पिटलांची किती पत्रं येतात माहितीये? कृपया हे चालू ठेवा, कृपया ते तपासा. प्रत्येक कृपयामागे काम आहे, त्याचे पैसे नाहीत, वेळ नाही, आणि काही चुकलं तर सही कुणाची म्हणून विचारणार मला.’ पुढे ऑगस्ट २०२४मध्ये बीएमए या डॉक्टरांच्या संघटनेने जीपींची सामूहिक कृती सुरू केली. पैसे न मिळणारं, करारात नसलेलं काम थांबवा, हा त्यातला एक भाग होता. तिचं म्हणणं मला तेव्हा टोचलं. खोटं होतं असं नाही.

या सगळ्यात पाकीट संपत आलं. टी-४ शरीरात आठवडाभर रेंगाळते. टी-३ दिवसभरात अर्धी उडून जाते, म्हणून बंद झाली की लगेच जाणवतं. आमच्या रस्त्यावरच्या दुकानातले फार्मासिस्ट, लेस्टरमध्ये वाढलेले गुजराती गृहस्थ, काउंटरच्या बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेले. जुन्या डब्यावरचं लेबल त्यांनी उलटसुलट करून वाचलं, तारीख बघितली, जुन्या हॉस्पिटलचं पत्र वाचलं. कायद्याने फार्मासिस्टला नेहमीचं औषध अडचणीच्या वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थोडे दिवस देता येतं. देणं बंधनकारक नाही. ‘बेन, एक वार आपीश,’ म्हणजे एकदा देईन, असं ते म्हणाले, आणि मग इंग्रजीत, हे नेहमीचं समजू नका. फुकटाचं कार्ड इथे चालत नाही. मी पैसे मोजले आणि पावती फाइलला लावली.

पगारखात्यातली सवय कामाला आली ती इथेच. मी प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवत होते. तो सगळा कागद मी स्थानिक मंडळाच्या रुग्णतक्रार विभागाला पाठवला, आणि एकच प्रश्न विचारला: माझं औषध लाल आहे तर ते लिहायची जबाबदारी आज, या तारखेला, नेमकी कुणाची? तक्रारीचं उत्तर यायला वेळ लागला, पण त्याआधीच हॉस्पिटलातून फोन आला आणि तपासणीची तारीख अलीकडे आली. प्रश्नाचं उत्तर लेखी कुणीच दिलं नाही. वेळ मिळाली म्हणून मीही ते धरून बसले नाही.

आता गोळी मिळते, हॉस्पिटलच्या फार्मसीतून, तीन महिन्यांची एकदम. तळघरात खिडकी आहे, टोकन घ्यायचं, तासभर बसायचं. गोळी फुकट, पार्किंगला पैसे. जीपी बाईंनी माझ्या फाइलमध्ये ‘हॉस्पिटलकडून मिळते’ म्हणून नोंद करून ठेवलीय. दुसरं कुठलंही औषध लिहिताना त्या ती नोंद बघतात, ठोक्यांची चौकशी करतात. आमचं तसं बरं जमतं.

परवा जेवताना नवरा म्हणाला, निवृत्तीनंतर वेल्सला समुद्राजवळ घर घेऊ, तिथे २००७पासून प्रिस्क्रिप्शन सगळ्यांनाच फुकट आहे. म्हटलं, फुकट मला इथेही आहे, लिहून कोण देतं ते बघ आधी. तो ताट बाजूला सरकवून लॅपटॉप घेऊन बसला, आणि भात गार होईपर्यंत तिथली यादी शोधत होता.