गिधाडं मोजायला

सुपेगावला पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. अण्णा गाडीतून उतरले, टोपी सारखी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गिधाडं किती वाजता येतात?"

आमच्यासोबत येणाऱ्या वनमजुरांना तिथं सगळे तात्या म्हणतात. ते म्हणाले, "ऊन चढू दे अण्णा. जड पाखरू ते. जमीन तापली, गरम हवा वर उठायला लागली, की त्या हवेवर पंख पसरून वर चढतं. दहाच्या आत काही दिसायचं नाही."

अण्णांनी मान हलवली. त्यांना हे ठाऊकच होतं. आयुष्यभर गुरं राखलेला माणूस. गिधाडं कधी उठतात, कधी बसतात हे त्यांनीच मला लहानपणी दाखवलं होतं. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आपण होऊन माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. "बाय, मला एकदा गिधाडं दाखव," एवढंच म्हणाले होते. आमच्या माणगावाकडच्या आकाशात आता ती दिसत नाहीत. म्हणून फणसाड.

फणसाडचं रान मुरूड आणि रोह्याच्या डोंगरांत पसरलेलं आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव जंगल. संस्थान गेलं, शिकार बंद झाली आणि १९८६ साली अभयारण्य झालं. पाणवठ्याला इथं 'गाण' म्हणतात. बारमाही पाणी असलेल्या अशा गाणी रानात ठिकठिकाणी आहेत आणि त्यांची नावं गावच्या विहिरींसारखी सगळ्यांना तोंडपाठ असतात. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, मधूनच मनगटाएवढ्या जाड गारंबीच्या वेली. फेब्रुवारीत पानगळ सुरू झालेली, त्यामुळे पाऊल टाकलं की आवाज होई. अण्णा चपला हातात घेऊन चालू लागले. मी काही म्हणायच्या आत तात्यांनी मला खुणेनंच थांबवलं. त्यांना अण्णांचं चालणं आवडलेलं दिसत होतं.

साडेनऊपर्यंतचा वेळ आम्ही एका गाणीच्या काठी काढला. मी शाळेत विज्ञान शिकवते. सर्पगरुडाचं चित्र मुलांना कितीतरी वेळा दाखवलंय, आकाशात घिरट्या घालताना त्याची शीळही ऐकलीय, पण तो इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. पाण्यावर वाकलेल्या एका वाळक्या फांदीवर तो बसला होता, आमच्यापासून फार तर पंधरा पावलांवर. पंजाखाली विरोळा होता. अजून जिवंत, शेपटीचं टोक फांदीला विळखा घालायला बघत होतं. गरुडानं घाई केली नाही. एक पाय सापाच्या मानेवर, दुसरा फांदीवर आणि नजर आमच्याकडे. डोळा आणि चोच यांच्यामधली कातडी हळदीच्या ताज्या कांड्यासारखी पिवळीजर्द. पायही पिवळे, पिसं नसलेले, नुसते खवले. सापाशी गाठ असणाऱ्याला हे खवले चिलखतासारखे उपयोगी पडतात. तपकिरी छातीवर पांढरे ठिपके होते, कुणी ओल्या मातीवर तांदूळ सांडावेत तसे. वाऱ्याची झुळूक आली आणि डोक्यामागचा काळा-पांढरा तुरा पंख्यासारखा उलगडला. त्या क्षणी त्याचं डोकं दुप्पट मोठं दिसलं.

मग त्यानं वाकून सापाचं डोकं चोचीत धरलं आणि गिळायला सुरुवात केली. दोन-तीन हिसके, मग थोडी विश्रांती, पुन्हा हिसका. शेवटी वीतभर शेपटी चोचीबाहेर लोंबत राहिली, तीही गेली. अण्णा श्वास रोखून बघत होते. गरुड उडाला तेव्हा पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा झाडांच्या फटीत एकदा चमकला आणि थोड्या वेळानं माथ्यावरून त्याची शीळ आली.

"कुणाचं काय आणि कुणाचं काय," अण्णा पुटपुटले. "ह्याला साप पचतो. गिधाडाला सडकं पचतं. आणि आपण दिलेली सुई पचली नाही."

ही सुई आमच्या घरात पंधरा-वीस वर्षं बोलली जातेय, म्हणून ती सांगायला हवी.

१९९८ सालचा उन्हाळा. आमचा पवळ्या नावाचा बैल पुढच्या पायानं लंगडायला लागला. सांधा सुजून टणक झाला, बैल उठेना. तालुक्याहून माणूस आला आणि त्यानं इंजेक्शन दिलं. वेदना आणि ताप उतरवणारं औषध होतं, स्वस्त होतं, गुणही लगेच यायचा; गावात सगळेच ते देत होते. त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती. कुणालाच काही माहीत नव्हतं. पवळ्याचं डोकं मांडीवर धरून मी बसले होते, सुई टोचताना त्याची कातडी थरथरली ते मला आठवतं. दुसऱ्या दिवशी तो उठून उभा राहिला. आईनं त्याला गूळ दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात मरून पडला होता.

नदीपलीकडे ढोरं टाकायची जागा होती. तिथं पवळ्याला नेला. दुपारपर्यंत तीसेक गिधाडं उतरली आणि संध्याकाळी हाडांचा सांगाडा उरला. आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे. अण्णा म्हणाले, "गेला बिचारा, जागेला लागला." पुढच्या चार-सहा दिवसांत नदीकाठच्या मोठ्या सावरीवर बसलेली गिधाडं माना खाली टाकून पेंगताना दिसू लागली. मग सावरीखाली एक मेलेलं सापडलं. मग तीन. मी शेवटी मोजली तेव्हा अकरा होती. गावात कुणी म्हणालं उष्मा, कुणी म्हणालं रोग. दोन वर्षांत सावर रिकामी झाली. मग ढोरांच्या जागेवर कुत्र्यांच्या टोळ्या जमू लागल्या आणि बायका नदीवर एकट्या जाईनाशा झाल्या.

गिधाडं आमच्याकडेच मरत नव्हती. राजस्थानात भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांना ती झाडांवर माना टाकून बसलेली आणि खाली मरून पडलेली दिसत होती. कारण सापडायला बराच काळ गेला. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केलं: डायक्लोफिनॅक. जनावराला हे औषध दिलं आणि ते लवकरच मेलं तर औषध मांसात शिल्लक राहतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक आम्ल बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो. शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात हे औषध असलं, किंवा त्याहूनही कमी प्रमाण असलं, तरी ते पुरतं. कारण एका जनावरावर अख्खा थवा जेवतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारनं बंदी आणली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आपल्या पवळ्याला दिलं ते हेच का गं?"

मी म्हटलं, "नक्की कसं सांगणार अण्णा? चिठ्ठी नाही, बाटली नाही." पण मला वाटतं ते हेच होतं, आणि अण्णांनाही तसंच वाटत आलंय.

मराठीत आपण गिधाडाचं नाव घेतो ते शिवी म्हणून. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांना गिधाडं म्हणतो, गरिबाचे लचके तोडणाऱ्यांना म्हणतो. मला हे आता ऐकवत नाही. लचके तोडणारे जिवंताचे तोडतात. गिधाड जिवंताच्या वाटेला जात नाही. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं तिखट की सडक्या मांसातले कितीतरी रोगजंतू तिथंच मरतात. गावाबाहेरची घाण कुणी न सांगता, दाणापाणी न मागता त्यानं उचलली, पिढ्यान्‌पिढ्या.

साडेनऊला तात्यांनी आम्हाला माळाच्या कडेच्या लपणात नेऊन बसवलं. झापांच्या भिंती, बघायला फटी. समोर उघड्या गवतात जवळच्या गावातली मेलेली गाय आदल्या संध्याकाळी आणून ठेवली होती. गिधाडांना सुरक्षित अन्न मिळावं म्हणून इथं असं करतात. वास येत होता. अण्णांनी नाकाला काही लावलं नाही, म्हणून मीही लावलं नाही.

आधी डोमकावळे आले. मग घारी. एक घार उतरे, चोच मारून उडे, पुन्हा उतरे. दहा वाजले, साडेदहा वाजले. आभाळ रिकामं. अण्णांचे गुडघे दुखत असणार, पण ते हलले नाहीत.

मग तात्यांनी बोट वर केलं. मला काही दिसेना. दुर्बिणीतून पाहिलं तर निळ्यावर मोहरीएवढे दोन ठिपके, पंख न हलवता गोल फिरणारे. दोनाचे चार झाले. ठिपक्यांना आकार आला, पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी वेगळी दिसू लागली. आणि पहिलं पाय सोडून खाली आलं, तेव्हा सूप जोरात पाखडावं तसा आवाज झाला.

जमिनीवर उतरून ते दोन उड्या मारून थांबलं. उघडी राखाडी मान, तिच्या तळाशी पांढऱ्या मऊ पिसांची कॉलर, काळसर अंग. पंख मिटता मिटता पाठीवरचा पांढरा पट्टा लख्ख दिसला. त्यानं मान वाकडी करून गाईकडे पाहिलं, मग आमच्या लपणाकडे, मग पुन्हा गाईकडे. थेट पुढं आलं नाही. दुसरं उतरलं, तिसरं उतरलं, तेव्हा कुठं पहिलं सरकलं. मग फूत्कार, पंखांची झटापट, एकमेकांच्या पाठीवर चढाचढी. एकानं मान आत घातली ती खांद्यापर्यंत गेली. मान उघडी का असते हे मुलांना मी नेहमी सांगते. बाहेर आलेली ती मान प्रत्यक्ष पाहिल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. जरा वेळानं त्यांच्या गळ्याखालच्या पोटल्या फुगून पुढं आल्या.

"सात," अण्णा कुजबुजले. मग पुन्हा मोजली. "सातच."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. नदीपलीकडची तीस त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बाय, ते शेवटचं बघ. त्याच्या पाठीवर पांढरं नाही. अंग तपकिरी आहे."

मी दुर्बीण त्यांच्याच डोळ्यांना लावली. तात्या वाकून म्हणाले, "पिल्लू आहे अण्णा. गेल्या साली-दोन साली घरट्यातून उतरलं असेल."

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लाला स्वतः घरटं करायला पाचेक वर्षं लागतात. म्हणजे त्या एका तपकिरी पाखरामागे कुठेतरी एक झाड होतं, कुणी न तोडलेलं, आणि त्यावर कुणी न हाकललेली जोडी. शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी अशीच घरट्यांची झाडं राखली आहेत. अण्णांनी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही.

परतताना त्यांनी तात्यांना विचारलं, "ही गाय आणताना मालकाला काय विचारता?"

"सुई दिली होती का, कुठली, केव्हा. नीट सांगता आलं नाही तर घेत नाही."

"आणि दुखण्यावर द्यायचंच झालं तर?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेलॉक्सिकॅम," मी म्हटलं. "ते गिधाडांना बाधत नाही."

अण्णा थांबले. खिशातून सकाळची प्रवेशाची पावती काढली आणि माझ्यापुढं धरली. "लिही. मोठं लिही. आळीतल्या सगळ्यांच्या म्हशी आहेत, मला हे नाव लक्षात राहायचं नाही."

मी पावतीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी ते दोनदा अक्षर लावून वाचलं, चार घड्या घातल्या आणि टोपी काढून तिच्या दुमडीत ठेवलं.