अनारशाची जाळी आणि मुंबई हाय

मंडळी, आधी एक गैरसमज दूर करून टाकू. मुंबईच्या समुद्राखाली तेलाचे तळे नाही!

भूगोलाच्या तासाला मी मुलांना 'जमिनीखालचे तेल' काढायला सांगत असे. चाळीसपैकी पस्तीस वह्यांत तेच चित्र यायचे. वर जमीन, खाली मोठी गुहा, गुहेत काळेभोर तळे आणि त्यात सोडलेला लांबलचक पाइप. मुलांचे सोडा, परवा आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक गृहस्थ म्हणाले, "पन्नास वर्षं उपसतायत, आता तळ लागत आला असेल नाही?" तळे म्हटले की तळ आलाच. पण तळे नसेलच तर?

मग तेल असते कुठे? दगडात. चांगल्या घट्ट दगडात, त्याच्या बारीक बारीक छिद्रांमध्ये.

आता आम्हा गोरेगावकरांना दगड काही नवा नाही. आरेच्या टेकड्या घ्या, जवळचे अंधेरीचे गिल्बर्ट हिल घ्या, सगळा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थिजला, त्याचा हा खडक. यात तेल तयार व्हायची सोय नाही, कारण तेल होते ते जीवांच्या अवशेषांपासून आणि लाव्हाच्या भट्टीत कोण जगणार? दोन लाव्हांच्या मधल्या निवांत काळात मात्र इथे गोड्या पाण्याची तळी साचली होती. वरळीच्या टेकडीत त्या तळ्यांच्या गाळाचे थर सापडले आणि त्यांत चक्क बेडकांचे जीवाश्म! एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांनी त्यांची नोंद केली होती. म्हणजे आगीच्या दोन पानांमध्ये गाळाचे एक पान दडलेले.

तेलाची गोष्ट ही या गाळाच्या पानांची गोष्ट आहे. पुस्तकात आपण 'स्तरित खडक' म्हणून शिकतो ते हेच. त्याची सुरुवात पाहायला लांब जायला नको. पावसाळ्यात ओशिवरा नदीचे गढूळ पाणी बघा. आरेकडची माती घेऊन ती मालाडच्या खाडीला जाते. जड कण आधी बसतात, हलके पुढे जातात, अगदी बारीक चिखल सर्वांत शेवटी. थरावर थर, वरच्याच्या वजनाने खालचा दबतो आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. खडकाचे कण पाहून अभ्यासक सांगतात की इथे नदी होती, इथे खाडी, इथे नितळ समुद्र.

मुंबईच्या पश्चिमेला नेमके हेच घडले. लाव्हा थंडावल्यावर किनाऱ्यापलीकडची जमीन हळूहळू खचली आणि समुद्र आत आला. पहिल्यांदा होत्या दलदली आणि उथळ खाड्या. झाडपाला, शेवाळ, सूक्ष्म जीव चिखलात गाडले गेले. हे थर पुढे खोल गेले, भूगर्भातल्या उष्णतेने शेकले आणि त्यांतून तेल व वायू सुटू लागले. हा झाला जन्म देणारा खडक. पण जन्म दिला म्हणजे सांभाळले असे नव्हे. तेल पाण्याहून हलके, ते वर वर सरकत राहते. अडवले नाही तर समुद्रात निघून जाते.

त्याला अडवणारे घर तयार झाले साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाचा एक भाग मुळातच उंच होता. त्याच्या बुडाशी कुठे आपलाच काळा पाषाण, तर कुठे त्याहूनही जुना ग्रॅनाईट. नद्यांचा गाळ तिथवर कमी पोचे, पाणी उथळ आणि स्वच्छ. अशा पाण्यात कवचधारी सूक्ष्म जीव आणि चुना धरणारी शेवाळे वाढली, मेली, साचली. त्यांचा झाला चुनखडक. मधूनमधून चिखल येई, त्याचे पातळ पापुद्रे मध्ये बसले. समुद्र मागे हटला की हा चुनखडक उघडा पडे, पावसाचे पाणी त्याला विरघळवी आणि त्यात छिद्रे पडत. शेवटी वर चिखलाच्या दगडाचे जाड झाकण बसले. खालून वर येणारे तेल या छिद्रांत शिरले आणि झाकणाखाली अडकले.

छिद्रे असून भागत नाही, ती एकमेकींना जोडलेली हवीत. बायकांना हे समजावणे सोपे आहे. अनारसा आठवा! जाळी सुटलेला अनारसा तुपातून काढला की आपण चाळणीत उभा करून निथळत ठेवतो. बरेच तूप खाली येते, पण सगळे येते का? जाळीच्या कडांना धरून राहिलेले तूप काही केल्या सुटत नाही. एखादा अनारसा तर नुसता फुगलेला असतो, छिद्रे आत बंद. त्यातले तूप आतच.

मुंबई हाय म्हणजे असा एक अवाढव्य अनारसा. तोही एक नाही, एकावर एक रचलेल्या अनारशांची चळत आणि प्रत्येकाची जाळी वेगळी. एका थरातून तेल भराभर येते, शेजारचा हटून बसतो. तेल ढकलायला पाणी सोडावे तर ते सोप्या वाटेने धावत विहिरीशी पोचते आणि अवघड छिद्रांतले तेल मागेच राहते. जगभरचा अनुभव असा, की सरासरीने खडकातल्या तेलाचा साधारण तिसरा हिस्साच हाती लागतो. मुंबई हाय या नियमाला अपवाद नाही. म्हणून कट्ट्यावरच्या त्या गृहस्थांना मी म्हटले, "तळ लागलेला नाही हो, दगड सोडत नाहीये!"

हे घर सापडले त्याचीही मोठी कहाणी आहे. साठच्या दशकात रशियन आणि भारतीय तज्ज्ञांनी 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या जहाजावरून खंबातच्या आखाताची आणि आसपासच्या समुद्राची पाहणी केली. पाण्यात हादरे द्यायचे, थरांवरून परतणारे प्रतिध्वनी ऐकायचे आणि न पाहिलेल्या खडकाचा आकार कागदावर मांडायचा. त्यातून हा उंचवटा दिसला. मग जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' आले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. घरात नवी एक रुपयाची नोट असेल तर मागची बाजू बघा, समुद्रात उभे असलेले 'सागर सम्राट' दिसेल. पुढे आसपास आणखी क्षेत्रे मिळाली. त्यांची नावे काय सुंदर! पन्ना, मुक्ता, हिरा, नीलम, रत्ना. एकाचे नाव तर आपल्या वसईवरून, तिथे प्रामुख्याने वायू आहे.

ऐंशीच्या दशकात मुंबई हाय वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल देत होते. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड केली. म्हणजे पन्नास वर्षांनी पुन्हा तोच अभ्यास : कुठला थर, कुठली जाळी, कुठे काय अडकले आहे.

हे सगळे वाचून परदेशातला माझा भाचा म्हणतो, "मावशी, राहू दे ना तिथेच. जग तापतंय." त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. पण ज्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणावे लागते, त्याला 'राहू दे' म्हणणे इतके सोपे नाही. उरणला समुद्रातला वायू येतो, नळाने मुंबईत पोचतो आणि त्यात आयात वायूची भर पडून आपल्या शेगड्या पेटतात. सिलिंडरच्या रांगेत उभे राहिलेल्या माझ्या पिढीला हे सुख फुकटचे वाटत नाही.

आणि ते फुकट नाहीच. २६ जुलै २००५ ला आपण सगळे पाण्यात अडकलो होतो, ती तारीख कोणी विसरत नाही. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायवर एक जहाज फलाटाच्या पाइपाला धडकले. एका जखमी माणसाला हलवायला ते फलाटाजवळ गेले होते. आग लागली, फलाट नष्ट झाला आणि २२ जण गेले. आपल्या पुराच्या बातम्यांत ती बातमी बुडून गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला, साठाहून अधिक कामगार परत आले नाहीत. तेलाचा हिशेब पिंपांत मांडतात, त्यात ही माणसे धरलेली नसतात.

तेव्हा मला भाच्याला आणि कट्ट्यावरच्या गृहस्थांना एकच सांगावेसे वाटते. आम्हा निवृत्तांना मुद्दल आणि व्याज यांतला फरक चांगला कळतो. व्याज खावे, मुद्दल मोडायची वेळ आली तर शंभरदा विचार करावा. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राने ठेवलेल्या या ठेवीला व्याजच नाही. जे निघते ते मुद्दल आणि पुन्हा भरणा करायचा म्हटले तर ओशिवरेच्या आजच्या गाळाने काही कोटी वर्षे वाट पाहायची! मुद्दल मोडू नये असे मी म्हणत नाही, अडीनडीला मोडावेच लागते. पण ते मोडतोय याची जाणीव ठेवून मोडावे. चहाचे आधण उकळले की मी गॅस लगेच बंद करते, हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.