दिवा तर लागला होता

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध काका एकटे राहतात. ऐकू येत नसल्याने फोन त्यांना निरुपयोगी. मात्र रविवारी मिस्सानंतर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर कुवेतमधील परिचारिका कन्येचा चेहरा दिसला, तिचे ओठ वाचता आले, की त्यांचा आठवडा सुखाचा जातो.

मध्यंतरी लागोपाठ तीन रविवार पडदा कोराच राहिला. "पोरीला सवड नसेल, फादर," काका म्हणाले. मुलांना समजून घ्यावे, असा उपदेश आम्ही त्यांच्या कानाशी ओरडून केला. दुसऱ्याच दिवशी कन्येचा आम्हांला फोन आला: "फादर, पप्पा दिसत नाहीत. बरे आहेत ना?"

आमचा उपदेश घशातच अडकला. त्याच संध्याकाळी आम्ही काकांकडे गेलो.

संगणकाचा संपर्क तुटला, की मन आधी दूरचा दोषी शोधते: कंपनी, पाऊस, रस्त्यावरचे खोदकाम. खरे तर तपासणी जवळून आरंभावी. आधी तार, मग दिवा, मग पत्ता. तार घट्ट होती, हिरवा दिवाही लागला होता. पत्ता मात्र १६९.२५४ ने सुरू होत होता.

ह्या आकड्यांत मोठा बोध आहे. संगणक सुरू होताच राउटरकडे पत्ता मागतो. उत्तर आले नाही, तर तो स्वतःच स्वतःला असा पत्ता बहाल करतो. पण त्यावरून उंबरठ्याबाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. हाक मारून पाहण्यासाठी अमेरिकेतील माइक मूस यांनी १९८३ साली 'पिंग' ही आज्ञा तयार केली. १२७.०.०.१ ला हाक मारताच संगणकाने तत्परतेने 'ओ' दिली. परंतु तो पत्ता त्याचा स्वतःचाच! राउटरला मारलेली हाक रिकामी परतली.

राउटर फिरवून पाहिला. बाहेरून येणारी तार संगणकाच्या खाचेत आणि संगणकाची तार बाहेरच्या खाचेत खोचलेली होती. ही अदलाबदल कोणी केली असेल? महिन्यापूर्वी घराला आशीर्वाद द्यायला आलो असता मेज सरकवताना दोन्ही तारा निघाल्या होत्या आणि मोठ्या आत्मविश्वासाने त्या परत बसवणारे हात आमचेच होते!

तारा जागच्या जागी लावल्या, दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू केली. पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला आणि थोड्याच वेळात कन्या पडद्यावर आली. काकांनी तिच्या गालावर, म्हणजे काचेवर, हात ठेवला.

पापनिवेदनापूर्वी सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी स्वतःपासून सुरू करावी, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या संध्याकाळी ते आम्ही शिकलो. काकांची क्षमा मागितली, ती त्यांना ऐकू गेली नाही. म्हणून कागदावर लिहून दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "असू द्या, फादर. चहा घ्या."