गिलक्याचा वेल आणि आठम-चौदस

खानदेशातील जैन घरात भाजीची दोन पंचांगे एकाच वेळी चालतात. एक जमिनीचे. त्यात पावसाळ्यात कटुर्ली, गिलकी आणि दोडकी असतात. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला आणि वालाच्या शेंगा. उन्हाळ्यात चिवळ, गवार, भेंडी. दुसरे पंचांग आठम-चौदशीचे, चातुर्मासाचे, पर्युषणाचे. पहिले ज्या दिवशी पाटीभर हिरवे दारात आणून ठेवते, नेमक्या त्याच दिवशी दुसरे पुष्कळदा हात आखडता घ्यायला सांगते. माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. दोन्ही घरी ही पंचांगे शेजारी शेजारी टांगलेली होती आणि त्यांचे भांडण व्हावे असे कोणाला कधी वाटले नव्हते.

धुळ्यात आमच्या गल्लीत पांझरेकाठची भाजी घेऊन एक माळीणबाई येत. त्यांना आमच्या तिथी आमच्यापेक्षा पक्क्या ठाऊक. पाटी उतरवण्याआधीच आईला विचारीत, ‘‘भाभी, आज तुम्हनी चौदस शे ना?’’ आणि न उतरवताच पुढे जात. त्या दिवशीचा त्यांचा धंदा आमच्या गल्लीत बुडायचा, पण पौर्णिमेच्या सकाळी त्या दुप्पट माल आणीत. व्यापारी कुटुंबातील मुलीला हा हिशेब लवकर कळतो.

त्या भाजीमागचे पाणी मात्र मला फार उशिरा कळले. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे वाटून घेतलेले फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, तेही सर्वांनी मिळून ठरवलेले. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी फडही कमी भिजवायचे. अमुक एका शेतकऱ्याला हवे म्हणून जास्त पाणी नाही. चातुर्मासात भाज्यांची मर्यादा बांधणाऱ्या घराला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

लग्न होऊन जळगावी आले तेव्हा वांग्याचा प्रश्न समोर उभा राहिला. जळगावचे भरीत हा या जिल्ह्याचा अभिमान आहे. येथील भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बामणोदचे वांगे, असोद्याचे वांगे यांवर लोक तावातावाने वाद घालतात. असोदे म्हणजे कवयित्री बहिणाबाईंचे माहेर. पण थंडीच्या दिवसांत तिकडे वळणारी सगळीच पावले काव्यासाठी वळत नाहीत. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर शेतातच पंगत बसवायची. आमच्या घरी वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य, आणि भरतातली कांद्याची पात व लसूण तर बोलायलाच नको. यजमानांच्या पेढीवर माल आणणारे लेवा पाटील शेतकरी दर हिवाळ्यात आमंत्रण देत. ‘‘शेठ, तुमच्यासाठी वेगळं करू,’’ असे म्हणून ते खरोखरच त्याच काड्यांच्या आगीवर, पण पहिल्या प्रथम, वांगी ठेवायच्या आधी, कच्ची केळी भाजून देत. हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेल. जैन स्वयंपाकघरात बटाट्याची जागा कच्च्या केळीने घेतली आहे हे आपण सर्व जाणतो. पण रावेर-यावलच्या केळीला आगीचा धूर लागला की ती कोणाची बदली म्हणून उरत नाही.

ही झाली सुखाची बाजू. चार वर्षांपूर्वी यजमानांच्या रक्तात साखर निघाली. वय 61, पेढीवर सकाळी 10 ते सायंकाळी 6 बैठक, दुपारचा डबा कधी 2 वाजता तर कधी 4 वाजता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाचे विचारले. मी प्रामाणिकपणे सर्व सांगितले: चातुर्मासात पालेभाजी नाही, तिथींना हिरवे नाही, पर्युषणात 8 दिवस नाही, कंदमूळ कधीच नाही. ते काही वेळ लिहीत राहिले, मग म्हणाले, ‘‘मग तुम्ही खाता तरी काय?’’

प्रश्न उपहासाचा नव्हता. पण घरी आल्यावर सूनबाईंनी तो उचलून धरला. त्या शिकलेल्या, आहाराबद्दल वाचणाऱ्या. त्यांचे म्हणणे असे की पप्पांच्या प्रकृतीसाठी नियम शिथिल करावा. सासूबाई 84 वर्षांच्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त त्या दिवशी चौविहार थोडा लवकर घेतला. घरात असे मौन दोन दिवस टिकले की ते तिसऱ्या दिवशी पेढीपर्यंत पोहोचते.

तेव्हा मी डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढायचे ठरवले. आपण तिथीला काय सोडतो हे प्रत्येकाला पाठ असते. आपण तिथीला काय खातो ते मी महिनाभर वहीत टिपले. बेसनाचे गट्टे, पापडाची भाजी, शेव, तळलेली मुगाची मंगोडी, पुऱ्या, आणि गोड काहीतरी, कारण ‘‘आज भाजी नाही ना’’. हिरव्याचा त्याग झाला होता, तेला-तुपाचा आणि मैद्याचा झाला नव्हता. आपल्या शास्त्रांनी तपाच्या बारा प्रकारांत ऊनोदरी सांगितली आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे. आमच्या घरी आठमीला ऊनोदरीच्या नेमके उलटे चालले होते. वही सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, ‘‘बिनणी, माझ्या सासूच्या वेळी चौदसला मुगाची दाळ आणि ज्वारीची भाकरी असायची. हे फरसाण कधी घुसलं?’’

कधी घुसले हे सांगणे अवघड नाही. आज लग्नाच्या निमंत्रणात, हॉटेलच्या पाटीवर, विमानाच्या जेवणात ‘जैन’ हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ तेथे एवढाच असतो की कांदा, लसूण, बटाटा नाही. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन चायनीज. हे पदार्थ रात्री 11 वाजता खाल्ले तरी त्यांचे नाव बदलत नाही. मला या शब्दाची अशी स्वस्ताई आवडत नाही.

गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खायला सांगते, आणि त्या मोजताना बटाटा व त्यासारखे पिष्टमय कंद वगळते. एवढे वाचून दाखवल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते पाहण्यासारखे होते. मी त्यांना पुढचेही वाचून दाखवले: मग तिथी नसलेल्या दिवशी तरी आपल्या ताटात 400 ग्रॅम असतात का? नव्हते. दोन पोळ्यांच्या मध्ये वाटीभर रस्सा आणि त्यात तीन फोडी. व्रताचे दिवस महिन्यात थोडे. पथ्य बिघडते ते उरलेल्या दिवसांत. नियम शिथिल करण्याची गरजच नव्हती. मोकळ्या दिवसांत भाजी वाढवायची आणि तिथीला अख्खे मूग, मटकी, मसूर, तेही मोड न आणता, कमी तेलात. सूनबाईंना हे पटले. त्यांनी शेवेचा डबा स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवला.

भाजी वाढवायची म्हटल्यावर घरामागच्या जागेकडे लक्ष गेले. 20 फूट बाय 15 फूट, एका बाजूला कढीपत्ता आणि शेवगा, बाकी मोकळी माती. तेथे वाफे करावेत असे मी म्हटले आणि या वेळी सासूबाई खरोखर बोलल्या. जमीन फोडायची? पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म कशाला सांगितले आहे? पिढ्यान्‌पिढ्या आपण व्यापार धरला तो याचसाठी ना? प्रश्न महासतीजींपुढे नेण्याजोगाही नव्हता, कारण अशा सावद्य कामाला त्या ना होकार देत ना मार्ग सांगत. तो श्रावकानेच सोडवायचा.

माझे उत्तर मी उपासकदशांगातून घेतले. आनंद श्रावकाने व्रते घेतली तेव्हा शेती टाकून दिली नाही. पाचशे नांगरांच्या जमिनीची मर्यादा घातली. आणि त्याच प्रतिज्ञांमध्ये आपण कोणत्या भाज्या खाणार याचीही मर्यादा घातली. म्हणजे शेत आणि ताट या दोहोंचा हिशेब एकाच वहीत. आपण मात्र नांगर दुसऱ्याच्या हाती देऊन भाजी तेवढी आपल्या ताटात घेतो, आणि फवारणी किती झाली हे विचारत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदणे ही तिन्ही करणे आपल्याला बालपणी शिकवलेली असतात. विकतची मेथी निवडताना तिसरे करण आठवत नाही, एवढेच. सासूबाईंनी हे मान्य केले असे मी म्हणणार नाही. ‘‘यतना ठेव,’’ एवढेच म्हणाल्या.

यतना ठेवायची म्हणजे काय, हे मातीत हात घातल्याशिवाय समजत नाही. मी खणणे टाळते. वाफ्यांवर वाळलेला पालापाचोळा जाड अंथरते. मे महिन्यात येथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा या आच्छादनाखाली ओल टिकते आणि खुरपणीही लागत नाही. जळगावात ठिबकच्या नळ्या मिळणे म्हणजे मुंबईत वडापाव मिळण्यासारखे; थेंब मुळाशी पडतो, बाकी जमीन कोरडी राहते, तण कमी, चिखलातले जीव कमी. कंद लावायचा प्रश्नच नव्हता.

किडीचे मात्र सोपे उत्तर नाही. निंबोळी अर्क अहिंसक आहे असे पुष्कळजण सांगतात. ते पूर्ण खरे नाही. त्याने अळीची भूक मरते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. ती तत्काळ मरत नाही, एवढाच फरक. गिलक्यांवर फळमाशी येते. तिच्यासाठी बाजारात सापळे मिळतात, त्यांत नर माश्या ओढल्या जाऊन मरतात. मी ते लावले नाहीत. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. म्हणून फूल गळून फळ बोटाएवढे झाले की त्याला जुन्या धोतराच्या कापडाची पिशवी घालते. पाणी गाळायचे गळणे शिवून शिवून हात तयार होताच. पानावरची अळी पानासकट उचलून कुंपणापलीकडच्या रानटी वेलींवर ठेवते, आणि चार वेलांपैकी एक वेल तिचाच समजते. उत्पन्नात चौथाई घट. यजमानांनी हा आकडा ऐकून म्हटले, इतकी घट-तूट तर धान्यातही धरतात.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. गिलक्याची फुले पहाटे उमलतात आणि दोडक्याची सायंकाळी. आम्ही चौविहारासाठी ताटे मांडतो त्या सुमारास दोडक्याच्या मांडवावर फिकट पिवळी फुले उघडू लागतात, आणि आमचे जेवण संपते तेव्हा पतंगांचे सुरू होते.

यजमानांच्या गोळ्या चालूच आहेत. मागच्या वर्षी डॉक्टरांनी एक कमी केली. ते दुपारचा डबा आता 1 वाजता उघडतात, कारण त्यात आपल्या मांडवावरचे गिलके असते आणि ते गार झाले की बेचव लागते.

राहता राहिले पर्युषण. भाद्रपदात वेल ऐन बहरात असतो आणि आम्ही 8 दिवस त्याला हात लावत नाही. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी विचारले, ‘‘आम्ही तोडून नेऊ का?’’ मी हो म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘सांगून तोडवलेलं ते आपणच तोडलेलं.’’ काकूंना ते समजले. त्यांनी संवत्सरीनंतर पारण्याच्या दिवशी ताजी गिलकी नेली. पण त्या 8 दिवसांत जी वाढून गेली ती भाजीची राहत नाहीत. त्यांच्या आत जाळी धरते. ती मी वेलावरच वाळू देते. कार्तिकापर्यंत ती हलकी, तपकिरी होतात. हलवली की खुळखुळ वाजतात. साल सोलली की आतली जाळी भांडी घासायला उत्तम, आणि तिच्या पोकळीतून काळे बी झडते. यंदा बी पुष्कळ निघाले. धुळ्याला वहिनीकडे, असोद्याच्या पाटलांकडे आणि स्थानकातल्या अकरा बहिणींकडे पुड्या बांधून पाठवल्या आहेत.